सहअर्जदाराचा रकाना

उद्यमबागेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले,
नखांत बिडाची काळी पूड तशीच.
हिरेमठ साहेबांनी पगाराच्या चिठ्ठ्या मोजल्या,
चष्मा कपाळावर सारला, म्हणाले,
"ओब्बरेना?"

कन्नडात एकट्या माणसाला आदरानं विचारलं
की आकडासुद्धा अनेकवचनी होतो.
क्षणभर बरं वाटलं.
मराठीत मी गेली वीस वर्षं नुसती एकटी आहे,
आणि तेही बहुतेक पाठीमागं.

मग त्यांनी रकाना दाखवला.
नवरा असतो तिथं. वडील, नाहीतर भाऊ पण चालेल.
"त्यांची इन्कम मिसळली की बघा, एकोणीस लाख बसतंय.
तुमच्या एकट्यावर तेरा. वय त्रेचाळीस ना?
अठ्ठावन्नला रिटायर. पंधराच वर्षं मिळतात की हो."
त्यांचं काही चुकलं नव्हतं.
मोजायचंच काम माझं पण,
मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत.

भावाला फोन केला नाही असं नाही.
सही करतो की, म्हणाला, त्यात काय.
रात्री वहिनीचा आला,
"अक्का, सही केली की नाव पण लागतंय काय हो उताऱ्यावर?"
मागं कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.
मी म्हटलं, राहू दे गं.

सोसायटीच्या कपाटात माझ्या सह्या किती असतील!
ह्याच भावाची मोटारसायकल.
बिर्जे मावशींच्या सुनेचं शिलाई मशीन.
मुतगेकर सुपरवायझरच्या पोरीचं लग्न,
ते अजून फिटलं नाही, नोटीस मला येते,
पोस्टमन मराठीत हाक मारतो
नि कन्नड कागदावर सही घेतो.
जामीन म्हणून मी एकटी
पुरत होते सगळ्यांना.

वकिलाकडं आणखी एक निघालं.
शाळेच्या दाखल्यावर मी प्रेमला.
प्रेमला परशराम हलगेकर, सातवी तुकडी ब.
आधारावर प्रेमा. कुणी कधी कापलं, आठवत नाही,
हाक मारणाऱ्यांनीच कापलं असणार.
"ह्या दोघी एकच कशावरून?" वकील विचारतात.
मला हसू आलं, त्यांना नाही.
बँकेत दुसरी नाही म्हणून अडलंय,
इथं दुसरी आहे म्हणून.

शंभराचा स्टॅम्प, नोटरीचे वेगळे.
कन्नडात टाइप केलेलं मी बोट ठेवून वाचलं,
बसच्या पाट्यांवर शिकलेल्या कन्नडानं,
एकेक जोडाक्षर सोडवत,
की प्रेमला आणि प्रेमा ह्या दोन व्यक्ती नसून
एकच होत.
दोन्ही सह्या करा, म्हणाले.
दुसरी रोजचीच. पहिली करताना
लची गाठ कुठून सुरू करायची तेच आठवेना,
हात मध्येच थांबला,
मग त्याचा तोच गेला पुढं.

तेरा लाखांत मच्छ्याच्या अंगाला
एक खोली नि स्वयंपाकघर बसलं.
दुसरी खोली नकाशात आहे, तुटक रेषेत.
ती कुणाची म्हणून विचारलं तर
प्रेमलेची, म्हणते.
गवंड्याला खरंच वाटलं. बहीण काय, म्हणाला.

मंजुरीच्या दिवशी हिरेमठ साहेबांनी
ड्रॉवरमधून लाकडी पट्टी काढली
आणि त्या रिकाम्या रकान्यावर आडवी रेघ मारली.
बोलले काही नाहीत. चहा सांगितला.

रेघ सरळ आलीय का, ते मी सवयीनं बघितलं.
उजवीकडं जरा चढली होती.
चालतंय.
टॉलरन्समध्ये आहे.